दोन घरचा पाहुणा उपाशी: दहा मेगाहर्ट्‌झने हुकलेल्या एका चिपचं प्रकरण

या प्रकरणातली माणसं, संस्था आणि फाउंड्री (चिप बनवणारा कारखाना) यांची नावं गाळली आहेत आणि ओळख लागू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. मी तेव्हा त्याच प्रयोगशाळेत मोजमापाचं टेबल सांभाळत होतो. त्यामुळे हे त्रयस्थाचं लिखाण नाही. काही निर्णयांत माझाही हात होता आणि त्यातला एक चुकला.

पार्श्वभूमी

ही चिप जिची, ती विद्यार्थिनी महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी संस्थेत पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला होती. काम होतं रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या चिपचं: अँटेनातून आलेला अशक्त सिग्नल उचलायचा, वाढवायचा, खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणायचा आणि डिजिटलकडे सोपवायचा. प्रकल्पाच्या कागदावर लिहिलं होतं, 'शेतातला ओलावा मोजणाऱ्या नोडसाठी कमी विजेवर चालणारा ब्लूटूथ लो एनर्जी रिसीव्हर'. उसाच्या फडात २.४ गिगाहर्ट्‌झ कितपत पोचतं हा वेगळा वाद आहे. पाण्याने भरलेली पानं या लहरी चांगल्याच पितात. पण निधी त्या वाक्यावर मिळाला होता.

देशात शिक्षणसंस्थांना मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीची १८० नॅनोमीटर प्रक्रिया वापरता येते. तो पर्याय आधी बघितला होता. पण त्यात ५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालणारे डिव्हायडर (फ्रिक्वेन्सी भागणारी सर्किटं) जेवढा करंट खातात तेवढ्यात कमी विजेचा दावाच उरला नसता. म्हणून परदेशी फाउंड्रीची ६५ नॅनोमीटर प्रक्रिया घेतली, तीही शटलवर. शटल म्हणजे वडाप. एकाच वेफरवर अनेकांची डिझाइनं, खर्च वाटून, पण गाडी ठरल्या वेळी सुटणार आणि तुमच्यासाठी थांबणार नाही.

या सगळ्याचं हृदय होतं ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीची लहर तयार करणारं सर्किट. ब्लूटूथ लो एनर्जीची ४० चॅनेलं २४०२ पासून २४८० मेगाहर्ट्‌झपर्यंत, दोन-दोन मेगाहर्ट्‌झच्या अंतराने असतात. ऑसिलेटर दुप्पट फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे ४.८ ते ४.९६ गिगाहर्ट्‌झवर चालवायचा आणि दोनने भागायचं, म्हणजे रिसीव्हरला लागणाऱ्या ९० अंशांच्या फरकाच्या दोन लहरी आपोआप मिळतात. फ्रिक्वेन्सी ठरवतात दोनच गोष्टी, इंडक्टर आणि कपॅसिटर. इथे इंडक्टर होता १.२ नॅनोहेन्रीचा, सगळ्यात वरच्या जाड धातूत काढलेला वळसा. सिलिकॉनवर धड इंडक्टर होतच नाही असं एके काळी धरून चालत. १९९० साली बर्कलीत न्यूयेन आणि मायर यांनी तो करून दाखवला आणि आज विद्यार्थी दुपारभरात एक काढतात. कपॅसिटरची बाजू पाच बिटांनी चालू-बंद होणाऱ्या कपॅसिटरांची बँक आणि एक व्हेरॅक्टर (व्होल्टेजने बदलणारा कपॅसिटर) मिळून सांभाळत होते. सिम्युलेशनमध्ये पट्टा मिळत होता ४.६२ ते ५.२० गिगाहर्ट्‌झ. भागल्यावर २३१० ते २६००. हव्या त्या बँडच्या दोन्ही बाजूंना जवळपास चार-चार टक्के मोकळे. पुरेसे वाटले होते.

अडचण

चिपा चार महिन्यांनी आल्या, प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत चाळीस डाय, म्हणजे वेफरमधून कापलेले चिपचे सुटे तुकडे. पहिला डाय प्रोबखाली धरला, बायस दिला आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर सुळका उभा राहिला. ऑसिलेटर पहिल्या झटक्यात सुरू होणं ही लहान गोष्ट नाही. तिने खिडकीपाशी जाऊन आईला फोन केला.

मग कोड बदलत गेलो. सगळे बिट बंद, व्हेरॅक्टर टोकाला, म्हणजे सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी: ४.७८. भागून २३९०. पहिलं चॅनेल २४०२ ला. आणि बँडच सुरू होतो २४०० ला. दहा मेगाहर्ट्‌झ कमी.

खालचं टोक ४.२८ ला होतं. म्हणजे पट्ट्याची रुंदी ठीक, पण अख्खा पट्टा आठ टक्के खाली सरकलेला. बारा डाय मोजले, सगळे एकमेकांच्या अर्ध्या टक्क्याच्या आत. हे वाईट लक्षण होतं. पसारा असता तर एखादा नशिबवान डाय सापडला असता. सगळे एकसारखे चुकतात तेव्हा चूक बहुधा डिझाइनमध्ये असते.

समोर असलेले पर्याय

पहिले दोन दिवस आम्ही जे केलं त्याला पर्याय तपासणं म्हणता येणार नाही, ती झटापट होती. व्हेरॅक्टरचा व्होल्टेज मर्यादेबाहेर ताणला, सहाएक मेगाहर्ट्‌झ मिळाले. मग मी कपाटातून थंड करायचा स्प्रे आणला आणि डायवर मारला. फ्रिक्वेन्सी चढू लागली आणि काही सेकंद चक्क २४०२ ला टेकली. लॅबमध्ये टाळ्या पडल्या. डाय गरम होत गेला तसा सुळका डावीकडे घरंगळत परत आपल्या जागी. स्प्रेची कल्पना माझी होती. अशाने आशा लागते आणि दोन दिवस जातात, ते गेले.

तिसऱ्या दिवशी सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, सगळ्यांना बसवलं. फळ्यावर चार गोष्टी आल्या.

एक, पुन्हा टेपआउट, म्हणजे दुरुस्त डिझाइन फाउंड्रीकडे नव्याने पाठवणं. पुढच्या सोयीच्या शटलला पाच महिने, चिपा परत यायला चार. पैसे प्रकल्पात एकाच टेपआउटपुरते उरलेले. ते आत्ता वापरले आणि पुन्हा चुकलं तर पुढे काही नाही.

दोन, फोकस्ड आयन बीमने, म्हणजे आयनांच्या बारीक झोताने, चिपवरचीच एखादी तार कापायची. कपॅसिटरचा बोजा कमी झाला की फ्रिक्वेन्सी वर जाईल. दुसऱ्या शहरात सुविधा होती, तासावर बिल.

तीन, रिसीव्हरचे बाकीचे भाग बाहेरचा सिग्नल देऊन मोजायचे आणि ऑसिलेटरबद्दल शोधनिबंधात एका ओळीत बोलायचं.

चौथी गोष्ट प्रकल्पातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवली. ते म्हणाले, बँडचं नाव बदला. २३०० ते २४०० हा एलटीईचा बँड ४० आहे, आपल्याकडे मोबाइल कंपन्या तो वापरतात. 'बँड ४० साठीचा रिसीव्हर' म्हटलं की झालं, आकडे सगळे खरेच राहतात.

ती म्हणाली, "सर, बँड ४० चोवीसशेला संपतो. आपण तेवीसशे नव्वदला. तिथेही दहा कमीच पडतात."

हशा झाला, पण तिने पुढे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं होतं. आतला फिल्टर दोन मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलसाठी होता, एलटीईचं चॅनेल २० मेगाहर्ट्‌झपर्यंत जातं. नाव बदललं असतं तरी वस्तू तीच राहिली असती आणि परीक्षकाने पहिल्या प्रश्नात पकडलं असतं. चौथा पर्याय तिथेच पुसला. तिसरा मात्र फळ्यावर बराच वेळ राहिला, कारण तो खोटा नव्हता, नुसता लंगडा होता.

आधी निदान

सरांचा कल लगेच पुन्हा टेपआउट करण्याकडे होता. त्यांचं म्हणणं, इंडक्टर थोडा लहान करा, पट्टा वर सरकेल, कारण शोधत बसायची गरज काय? त्यात तथ्य होतं. आठ टक्के फ्रिक्वेन्सी म्हणजे इंडक्टन्स आणि कपॅसिटन्सच्या गुणाकारात सतरा-अठरा टक्के. तेवढं कापलं की काम झालं.

ती अडून बसली. चूक इंडक्टन्सची आहे की कपॅसिटन्सची हे न कळता नुसता आकडा दुरुस्त केला तर पुढच्या लेआउटमध्ये (चिपच्या नकाशात) चूक वेगळ्या मापाने परत येईल, हा तिचा मुद्दा. मला तेव्हा हा पीएच.डी. करणाऱ्यांचा नेहमीचा हट्ट वाटला होता. चुकलो होतो.

तिची युक्ती सोपी होती. फ्रिक्वेन्सीच्या वर्गाचा व्यस्तांक घेतला तर तो इंडक्टन्स गुणिले एकूण कपॅसिटन्स याच्या प्रमाणात असतो. बँकेचा कोड एकने वाढला की कपॅसिटन्स दरवेळी तेवढाच वाढतो. म्हणजे व्यस्तांक आणि कोड यांचा आलेख सरळ रेष येणार. रेषेचा चढ इंडक्टन्स आणि एका पायरीचा कपॅसिटन्स यांचा गुणाकार. रेष जिथून सुरू होते ती उंची म्हणजे इंडक्टन्स आणि कायमचा कपॅसिटन्स यांचा गुणाकार. नुसता कायमचा कपॅसिटन्स वाढला असेल तर रेष जशीच्या तशी वर उचलली जाईल, चढ बदलणार नाही. नुसता इंडक्टन्स वाढला असेल तर चढ आणि उंची दोन्ही सारख्याच टक्क्यांनी वाढतील.

आलं ते दोन्हींच्या मधलं. चढ जवळपास १० टक्के जास्त, उंची १८ टक्के.

पण चढ वाढण्याचं आणखी एक कारण असू शकतं: फाउंड्रीचे कपॅसिटरच त्या वेळी ठरल्यापेक्षा मोठ्या मूल्याचे निघाले असतील. म्हणून फाउंड्रीकडे त्या वेफरचा तपासणी अहवाल मागितला. तो मागता येतो हे लॅबमधल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. अहवालात कपॅसिटर नेहमीच्या आकड्यापासून दोन टक्क्यांच्या आत होते. म्हणजे इंडक्टन्स खरोखरच १० टक्क्यांच्या जवळपास वाढला होता, ०.१२ नॅनोहेन्री. आणि त्याशिवाय कुठूनतरी ६० फेम्टोफॅरड कायमचे येऊन बसले होते.

०.१२ नॅनोहेन्री म्हणजे किती? चिपवर शंभर-दीडशे मायक्रॉन लांबीच्या तारांच्या जोडीत तेवढं सहज सापडतं. तिने लेआउट उघडला आणि इंडक्टरच्या पायांपासून ट्रान्झिस्टरपर्यंतच्या तारांवर मोजपट्टी ठेवली. दीडशे मायक्रॉन. तिच्या आठवणीत त्या वीस होत्या.

मग जुन्या ईमेल काढल्या. टेपआउटला नऊ दिवस असताना पॅडची (बाहेरच्या जोडण्यांसाठीच्या चौकोनांची) रांग बसत नव्हती, शिवाय एका कोपऱ्यात धातूची घनता कमी म्हणून डीआरसी (लेआउट फाउंड्रीच्या नियमांत बसतो का ते तपासणारं सॉफ्टवेअर) तक्रार करत होतं. तेव्हा ठरलं की कपॅसिटर बँक आणि ट्रान्झिस्टरचा ठोकळा १३० मायक्रॉन खाली सरकवायचा. सरकवणाऱ्याने तारा नीट लांबवल्या, एलव्हीएस (लेआउट सर्किटशी जुळतो का ही तपासणी) पास, डीआरसी पास. सगळे हिरवे झाले.

आता या तारांचं कोण बघणार होतं? इंडक्टरचं सिम्युलेशन विद्युत-चुंबकीय सॉफ्टवेअरमध्ये झालं होतं, पण त्याचं कुंपण इंडक्टरच्या पायांपाशी संपत होतं. तिथून पुढचं सगळं लेआउट एक्स्ट्रॅक्शनकडे. एक्स्ट्रॅक्शन रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स काढतं. इंडक्टन्स काढत नाही, निदान ज्या सेटिंगवर ते सगळीकडे चालवलं जातं तिथे तरी नाही. त्या तारा दोन्ही सॉफ्टवेअरच्या मधल्या गावात राहत होत्या. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं झालं. वीस मायक्रॉनच्या तारेला उपाशी ठेवलं तर फार बिघडत नाही. दीडशेच्या तारेला ठेवलं तर ती बँड घेऊन जाते.

साठ फेम्टोफॅरडचा हिशेब अर्धवटच लागला. धातूची घनता भरून काढायला सगळ्यात शेवटी डमी धातूचे तुकडे टाकतात. इंडक्टरभोवती ते पडू नयेत म्हणून एक खुणेचा थर असतो. ठोकळा सरकला, तारा लांबल्या, पण खुणेचा थर होता तिथेच राहिला. त्यामुळे नव्या तारांखाली डमीचे तुकडे पडले, आणि एक्स्ट्रॅक्शन तर ते पडण्याआधीच झालेलं. पुन्हा करून पाहिल्यावर त्यातून पंचवीसेक फेम्टोफॅरड निघाले. उरलेल्यांचा संशय आम्ही बंद स्विचच्या मॉडेलवर घेतला. सिद्ध केला नाही.

काय केलं

निदानाने पर्यायांचा भाव बदलला. पुन्हा टेपआउट करायचंच होतं, पण आता ते डोळसपणे करता येणार होतं, घाईची गरज नव्हती. मधल्या पाच महिन्यांत आयन बीमने एक प्रयत्न करायचं ठरलं. हेतू एकच, अख्खा रिसीव्हर एकदा तरी स्वतःच्या ऑसिलेटरवर चालताना दिसावा. नवी चिप आल्यावर मिक्सरमध्ये (सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणारा भाग) किंवा सिंथेसायझरमध्ये (ऑसिलेटरला हव्या चॅनेलवर धरून ठेवणारा लूप) आणखी एखादी चूक सापडली असती तर तेव्हा हातात काही राहिलं नसतं.

कापायचं काय? बँकेतला सगळ्यात मोठा बिट. तो बंद असतानाही सुमारे ६० फेम्टोफॅरडचा भार टाकत बसतो. तो टँकपासून (इंडक्टर-कपॅसिटरच्या जोडीपासून) तोडला की गणिताप्रमाणे वरचं टोक ४.९६ पर्यंत जायला हवं. बदल्यात खालचा अर्धा पट्टा जातो, पण तो आम्हाला नकोच होता. तोडायचं मात्र दोन्ही बाजूंनी, एकीकडेच तोडलं तर ऑसिलेटर लंगडा होतो. म्हणजे एका डायला दोन छेद.

सुविधेवर ती एकटी गेली. तीन डाय नेले होते. पहिला गेला, छेद खोल उतरला आणि ऑसिलेटर सुरूच झाला नाही. दुसऱ्याला वेळ जास्त दिला, करंट कमी ठेवला. तो जगला. तिसऱ्याला हात लावायचा नाही असं तिने तिथेच ठरवलं, कारण भाड्याचे तास संपत आले होते आणि घाईत तिसराही गेला असता. मला हा त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो, आणि त्याची नोंद कुठल्याच अहवालात नाही.

निष्पत्ती

कापलेल्या डायचं वरचं टोक ४.९४२ आलं, भागून २४७१. चाळीसपैकी खालची ३५ चॅनेलं आत, पाच बाहेर. त्या पाचात २४८० चं होतं आणि ते नेमकं जाहिरातीच्या, म्हणजे उपकरणं आपली हजेरी जाहीर करतात त्या, तीन चॅनेलांपैकी एक. बाकीची दोन, २४०२ आणि २४२६, मिळाली. फेज नॉईज (ऑसिलेटरच्या लहरीतली थरथर) एका डेसिबलने बिघडला. पण रिसीव्हर चालला. समोरच्या टेबलावरच्या बाजारी ब्लूटूथ बीकनचे डेटा-पाकीट त्याने उचलले.

आणि चालवल्यामुळेच सिंथेसायझरमधली दुसरी चूक उघड झाली: चॅनेल बदलताना लूप स्थिर व्हायला ठरवल्यापेक्षा दुप्पट वेळ लागत होता. ऑसिलेटर बँडबाहेर असताना ती कधीच दिसली नसती आणि दुसऱ्या टेपआउटमध्येही तशीच गेली असती.

दुसऱ्या टेपआउटमध्ये विद्युत-चुंबकीय सिम्युलेशनचं कुंपण इंडक्टरच्या पायांवरून उचलून थेट ट्रान्झिस्टरच्या तोंडाशी नेलं, डमी धातूसकट. कपॅसिटर बँक इंडक्टरला चिकटून बसवली आणि पॅडच्या रांगेने तिच्याभोवती जागा काढून घेतली, उलटं नाही. सिम्युलेशन ४.६३ ते ५.१९, मोजमाप ४.५८ ते ५.१२. सव्वा टक्क्याचा फरक. चाळीसही चॅनेलं आत.

शोधनिबंध दुसऱ्या चिपचा गेला. प्रबंधात मात्र पहिल्या चिपचं एक पूर्ण प्रकरण आहे, कापलेल्या डायच्या फोटोसह. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अर्धा तास त्या एका प्रकरणावरच घालवला. पदवी आठ-नऊ महिने उशिरा मिळाली. शिष्यवृत्तीची मुदत त्याआधीच संपली होती, तो काळ तिने एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून काढला.

कुठे वेगळं वागता आलं असतं

उघड उत्तर असं की नऊ दिवस आधी ठोकळा हलवायलाच नको होता. पण पॅडची रांग खरोखर बसत नव्हती, त्यामुळे हलवणं चूक नव्हतं. हलवल्यावर इंडक्टर आणि तारा मिळून सिम्युलेशन पुन्हा चालवायला एक रात्र पुरली असती. ती रात्र कुणी मागितली नाही, कारण यादीतल्या सगळ्या तपासण्या हिरव्या होत्या आणि ही तपासणी यादीतच नव्हती. आता ती लॅबच्या यादीत पहिल्या पानावर आहे: ऑसिलेटरच्या टँकमधलं काहीही एक मायक्रॉनही हललं तर सिम्युलेशन पुन्हा.

दुसरं, मोकळीक. दोन्ही बाजूंना चार टक्के ही मोकळीक फक्त प्रक्रियेतल्या चढउतारापुरती धरली होती. मॉडेलच्या चुकीसाठी वेगळं काहीच ठेवलं नव्हतं. पहिल्यांदाच वापरत असलेल्या प्रक्रियेत मी आज पट्टा मुद्दाम थोडा वर धरेन, कारण विसरलेल्या तारा आणि विसरलेले कपॅसिटर फ्रिक्वेन्सी नेहमी खालीच ओढतात. वर ढकलणारी चूक मी अजून पाहिलेली नाही.

तिसरं, माझ्याकडचं. चिपा यायला चार महिने होते. त्या काळात मोजमापाची तयारी म्हणून मी केबल, प्रोब, बोर्ड सगळं केलं, पण शेवटच्या लेआउटवर पुन्हा एक्स्ट्रॅक्शन चालवून बघ असं तिला सुचवलं नाही. चिपा हातात येण्याआधीच पंचवीस फेम्टोफॅरड आम्हाला सापडले असते, आणि ते शोधताना कुणाची तरी नजर त्या लांब तारांवर पडली असती.

आयन बीमबद्दल सरांचं आणि तिचं आजही जमत नाही. सरांच्या मते त्या भाड्यात आणि दोन महिन्यांच्या धावपळीत दुसऱ्या टेपआउटची तयारी आधीचं शटल गाठण्याइतकी झाली असती आणि तिचं वर्ष वाचलं असतं. ती म्हणते, मग लूपची चूक घेऊन ते शटल सुटलं असतं. मागच्या महिन्यात दोघं एका परिषदेत भेटले तेव्हा हाच वाद चहाच्या टेबलावर पुन्हा निघाला. चहा गार झाला, पण कुणी मागे हटलं नाही.